कानातली मिल

१

पायलची दुपार पुसण्यात जायची आणि सकाळ भरण्यात. सकाळी डोकं ताजं असतं, तेव्हा अक्षरं काढायची. दुपारी वाटूरचं ऊन पत्र्यावर चढलं आणि मेंदूचं भरीत व्हायला लागलं की नुसतं पुसत बसायचं. पुसायला अक्कल लागत नाही, चिकाटी लागते, आणि ती तिच्याकडे पोत्याने होती.

पुण्याच्या एका प्रकाशनाने जपानी मंगाचा एक संग्रह मराठीत आणायला घेतला होता. मंगा म्हणजे तिकडच्या चित्रकथा. या संग्रहात नऊ छोट्या गोष्टी होत्या. एका छत्रीवाल्याच्या दुकानात विसरलेल्या छत्र्या आपापले मालक शोधायला निघतात. एका गावातल्या न्हाणीघरात चंद्र अंघोळीला येतो आणि टॉवेल विसरून जातो. रेल्वे फाटकावरची एक मुलगी भावाची गाडी जाऊ नये म्हणून फाटक लावतच नाही. वाचताना हसू यायचं आणि शेवटच्या पानावर ते विरायचं.

भाषांतर पुण्यात झालं होतं. पायलकडे अक्षरं होती. पात्रांच्या तोंडचे फुगे मराठीत लिहायचे हे सोपं काम. खरं काम आवाजांचं. मंगात पाऊस पडत असला की पावसाचा आवाजही चित्रातच काढलेला असतो, रेघांत मिसळलेल्या जपानी अक्षरांनी. ती अक्षरं पुसायची, त्यांच्यामागे दडलेली भिंत नाहीतर झाड पुन्हा काढायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्या जागी मराठी आवाज भरायचा. शिवाय ही पुस्तकं उर्दूसारखी उजवीकडून डावीकडे वाचतात. सुरुवातीला हात चुकायचा, म्हणून तिने कॉम्प्युटरच्या पडद्याच्या उजव्या कडेला लाल टिकली चिकटवली होती. सुरुवात इथून.

हा हात तिला बाबांमुळे मिळाला. राजानंदने जालन्याच्या एका रोलिंग मिलमध्ये बावीस वर्षं तापलेल्या सळया ओढल्या आणि अकरा वर्षांपूर्वी कान गमावून तो घरी आला. तेव्हा पायल पंधरा वर्षांची. त्या दिवसापासून घरातलं सगळं बोलणं पाटीवर यायला लागलं, आणि बाबांना खाटेवरून वाचता यावं म्हणून तिचं अक्षर मोठं, ठसठशीत होत गेलं. पुण्याच्या संपादक चिन्मयीताईंनी ते अक्षर कुठेतरी पाहिलं आणि हाच हात हवा म्हणून फोन केला. पुस्तकावर नाव येणार होतं. हे जमलं तर पुढची तीन पुस्तकंही तिचीच होती.

२

कान गेले एवढंच असतं तर राजानंद निभावून नेता. पण मिल सुटली तरी मिलचा आवाज कानातच राहिला होता. रात्रंदिवस, झोपेत, जेवताना, घरघर चालू. डॉक्टर म्हणाले, मेंदूच करतो तो आवाज, याला औषध नाही. अकरा वर्षांत तो सलग तीन तास झोपला नव्हता. दुपारी तो घरापुढच्या पिठाच्या गिरणीच्या भिंतीला पाठ लावून बसायचा. भिंतीचा थरकाप अंगात शिरला की आतली घरघर थोडी विसरते, असं त्याचं म्हणणं. कधीकधी तो अशा नजरेने हायवेकडे बघायचा की पायलची आई कांताबाई हातातलं काम टाकून त्याच्याजवळ जाऊन बसायची. ती मिल बंद व्हावी, एवढं एकच मागणं त्या घरात होतं. ते कोणी बोलून दाखवत नव्हतं.

एप्रिलातल्या एका दुपारी पायल छत्र्यांच्या गोष्टीतली पावसाची पानं पुसत होती. कांताबाई अंगणवाडीवर मदतनिसाच्या कामाला गेलेली. चार पानं स्वच्छ झाली आणि बाहेरच्या खोलीतून बाबांची हाक आली.

"पायल, दोरीवरचे कपडे काढ जल्दी. पाऊस आला."

तिने खिडकीतून पाहिलं. आकाश पांढरं पडलेलं, कडुनिंबाखाली कुत्रं जीभ काढून झोपलेलं.

"कान तर गेलेच, आता डोळे बी गेले का बाबा," ती स्वतःशीच म्हणाली. अकरा वर्षांत असं तोंडातल्या तोंडात बोलायची सवय लागली होती.

मग तिच्या लक्षात आलं की बाबांनी दाराकडे पाहिलंच नव्हतं. ते डोळे मिटून पडले होते आणि त्यांचं बोट खाटेच्या लाकडावर हळूहळू वाजत होतं, पत्र्यावर थेंब वाजतात त्या लयीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्या जागी 'सर सर सर' भरलं. शेवटचं अक्षर होताच बाहेरून आवाज आला, "थांबला."

३

चार दिवसांनी फाटकाची गोष्ट निघाली. फाटकावरची घंटा सात पानं सलग वाजत राहते. पायलने दुपारभर बसून सातही पानं पुसली आणि चहा घेऊन बाहेर आली.

"वाटूरला रेल्वे कवा आली?" बाबांनी विचारलं.

तिने पाटीवर लिहिलं, "रेल्वे परतूरला हाये. इथं न्हाई."

"मला माहीत हाये ना माय. पण फाटकाची घंटी वाजून राह्यली." त्यांनी मान वाकडी करून ऐकलं. बहिऱ्या माणसाने मान वाकडी करून ऐकणं हे दृश्य पायलने कधी पाहिलं नव्हतं.

तिने स्वतःला समजावलं. परतूर काही फार लांब नाही, जमिनीतून थरकाप येत असेल. बाबांनी पडदा पाहिला असेल. पण पडदा आतल्या भिंतीकडे तोंड करून होता, आणि बाबांना जपानी कुठून येणार? डॉक्टर म्हणालेच होते, मेंदू आवाज करतो. मग मेंदूने आज नेमकी घंटाच का करावी, या प्रश्नावर तिची समजूत येऊन थांबली. ती तशीच थांबलेल्या जागेवर रात्री जेवली, झोपली, आणि सकाळी उठून 'टण टण' भरत बसली. सातवं पान भरलं तसं बाहेर बाबा म्हणाले, "गेली गाडी."

४

पायल विज्ञान शाखेची होती. तिने परीक्षा घ्यायचं ठरवलं.

चंद्राच्या अंघोळीच्या गोष्टीतले तीन आवाज तिने निवडले. दार आतून लावून घेतलं. पहिला पुसला, घड्याळ पाहून कागदावर वेळ लिहिली, आणि दाराला कान लावला. दोन मिनिटं काही नाही. मग बाबांचा आवाज, जरा चकित झालेला.

"पितळेचं घमेलं पडलं का काही?"

न्हाणीघरात चंद्राच्या हातून घमेलं निसटतं. पान अडतीस.

तिने दुसरा पुसला.

"कोणीतरी नाकातल्या नाकात गाणं म्हणून राह्यलंय."

पान चाळीस. तिने तिसरा पुसला. आणि मग राजानंद हसला. पोटातून, खो खो, डोळ्यांत पाणी येईतो. पायलला ते हसणं ओळखायला क्षणभर लागला, कारण तिने ते शेवटचं ऐकलं तेव्हा ती शाळेत होती.

"धप्पकन पडलं कोणी पाण्यात," तो हसता हसता म्हणाला. "लई जाडा माणूस असंल."

पायलने दाराला पाठ टेकली आणि खाली बसली. तिला आनंद झाला होता आणि भीतीही वाटत होती, आणि कोणती भावना आधी आली ते तिला सांगता आलं नसतं.

५

त्या संध्याकाळी तिने तिन्ही आवाज भरून टाकले आणि बाबांना सगळं पाटीवर लिहून सांगितलं. पाटी सात वेळा पुसावी लागली. राजानंदने ते शांतपणे वाचलं. मिलमध्ये बावीस वर्षं काढलेल्या माणसाला जगात काय होऊ शकतं याचा फारसा अचंबा उरत नाही.

"मंग आता भरू नको," तो म्हणाला. "जे निघंल ते राहू दे माझ्यापाशी."

"काय न्हाई भरायचं?" कांताबाईने विचारलं. ती भाकरी थापत होती.

"तू भाकरी कर."

पायलने पुढच्या गोष्टीतल्या चिमणीचा एक आवाज पुसून तसाच ठेवला. पहिला दिवस बाबा खूश होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ते कपाळ दाबून बसले. ती चिमणी थांबतच नव्हती. खऱ्या चिमणीला दम लागतो, भूक लागते. ही एकच चिवचिव, त्याच सुरात, पहाटे, दुपारी, झोपेत. आणि खाली मिल चालूच.

"सगळं मिलच्या वरतून ऐकू येतं," राजानंद म्हणाला. "पाऊस आल्ता तवा बी मिल होतीच. घंटी होती तवा बी. ती काही हटत न्हाई. भर माय तुझी चिमणी."

तिने भरली. चिमणी पानावर परत गेली आणि राजानंद पुन्हा गिरणीच्या भिंतीला पाठ लावून बसला. त्या दिवशी तो हायवेकडे फार वेळ बघत राहिला.

६

शेवटच्या गोष्टीत फार काही घडत नव्हतं. एक म्हातारा ओसरीवर एकटा बसलाय. दोन पानांवर पसरलेली एकच लांब चौकट आहे. तिच्या उजव्या टोकाला बागेचं फाटक, डाव्या टोकाला ओसरीचं दार, आणि फाटकापासून दारापर्यंत पावलांचे सहा आवाज. उजवीकडचं पहिलं पाऊल तांदळाएवढं, दारापाशीचं सहावं हाताच्या पंजाएवढं. येणारं कोणी दिसत नाही. म्हातारा मान वर करतो, ओळखीचं हसतो, पायाने चपला शोधतो. पान उलटलं की रिकामी ओसरी. पान एकशे ब्याऐंशी, पुस्तकाचं शेवटचं. त्यावर फक्त तीन लांब अक्षरं, वाऱ्याने ओढून नेल्यासारखी.

"ताई, हा कशाचा आवाज?" पायलने फोनवर विचारलं.

"शांततेचा," चिन्मयी म्हणाली. "जपानी मंगात शांततेलाही आवाज असतो. कोणीच नाही, काहीच नाही, असं असलं की तो लिहितात."

"मराठीत काय लिहू मंग?"

"ते तू सुचव. पण जागा रिकामी नको. वाचकाला वाटेल छापायचं राहिलं."

फोन ठेवल्यावर पायल त्या पानाकडे बघत बसली. पुसलं ते बाबांकडे जातं. पाऊस गेला, घंटा गेली. मग शांतता पुसली तर?

त्याच वेळी तिची नजर मागच्या पानावर गेली. म्हाताऱ्याचं ते हसू. चपला. म्हातारा कुठे गेला हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. पण पावलांना हातच लावायचा नाही, असं तिने ठरवलं. ती जिथे आहेत तिथेच राहतील. पुसायचं ते फक्त शेवटचं पान, आणि तेही तासाभरासाठी. बाबा एक तास झोपले तरी पुष्कळ झालं.

७

कांताबाई परतूरला मीटिंगला गेली होती. उन्हामुळे बाहेरचं दार लोटून घेतलेलं. अडीच वाजता पायलने शेवटच्या पानावरचं तिसरं अक्षर पुसलं आणि ती बाहेर आली.

राजानंद खाटेवर उठून बसला होता. त्याने दोन्ही हात कानांवर ठेवले, काढले, पुन्हा ठेवले. मग पंख्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे पाहिलं, पायलकडे पाहिलं. त्याचा चेहरा हळूहळू सुटत गेला. एवढी वर्षं तो चेहरा आवळलेला होता हे तिला तेव्हाच कळलं.

"मिल बंद झाली," तो म्हणाला. आपलाच आवाज ऐकू न येणारी माणसं ओरडून बोलतात. हे वाक्य मात्र तो पुटपुटला. "कोणी बंद केली?"

पायलने पाटीवर लिहिलं, "मी."

तो रडला. तीही रडली. मग तो आडवा झाला, अंगावरचा ताण काढून ठेवल्यासारखा, आणि त्याचे डोळे मिटायला लागले. पायल त्याच्या पायाशी बसून राहिली. बाहेर ट्रक जात होते, गिरणी चालली होती. यातलं काहीही त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं.

पाच मिनिटं झाली असतील.

"कोण आलं?" डोळे मिटूनच त्याने विचारलं.

पायलने लोटलेल्या दाराकडे पाहिलं.

"लांबून कोणीतरी चालत येऊन राह्यलंय. पायात लाकडाच्या चपला हायेत."

ती आत धावली. लांब चौकट उघडली. उजव्या टोकाचं पहिलं पाऊल तिथे नव्हतं. त्या जागी फाटकाजवळचे गोटे चितारलेले होते, एकेक, छायेसकट. तिला इतक्या सफाईने कधी जमलं नव्हतं. तिने केलेलं पुसणं मागे घ्यायची कळ दाबली. काही झालं नाही. फाइल बिघडली, तिने स्वतःला सांगितलं. थकव्यात मीच पुसलं आणि विसरले. ती दुसऱ्या पावलाकडे डोळे लावून बसली. पापणी हलू दिली नाही. तरी ते कधी गेलं हे तिला दिसलं नाही. आधी होतं, आणि मग तिथे गवत होतं.

"जवळ आलं," बाहेरून बाबा म्हणाले.

८

तिने पाटी उचलली आणि खाटेपाशी येऊन लिहिलं, "शेवटचं पान भरते. मिल परत येईल. येऊ द्या."

राजानंदने ते वाचलं. मग आपल्या पंजाने पाटी स्वच्छ पुसून टाकली.

"मिल न्हाई आणायची," तो म्हणाला. "कोण यायचं ते येऊ दे. मी जातो बराबर. पण ती मिल न्हाई."

आणि तो हसला. पायलने ते हसू ओळखलं. मागच्या पानावर अगदी असंच होतं. हसता हसता त्याचे पाय खाटेखाली चपला शोधत होते.

तिने धावत जाऊन दाराला कडी घातली. दाराखाली बोटभर फट होती आणि तिच्यातून उन्हाची एक पट्टी आत फरशीवर पडली होती, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरळ. ती आत पळाली. पडद्यावर तिसरं, चौथं गेलं होतं, पाचवं गेलं होतं. दारापाशीचं ते पंजाएवढं सहावं तेवढं शिल्लक होतं, आणि तिने पेन हातात घेतलं तेव्हा तेही नव्हतं.

"दारात हाये," बाबांचा आवाज आला. मग खाट करकरली.

पायलला दारापलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. हायवे, गिरणी, कूलर, एवढंच ऐकू येत होतं. तिने मान वळवून मधल्या दारातून पाहिलं. बाबा उभे होते, पायात चपला, हात कडीकडे निघालेला. आणि खाली, फरशीवरच्या उन्हाच्या पट्टीत, दोन ठिकाणी ऊन नव्हतं. शेजारी शेजारी. बाहेर कोणी उभं असलं की जेवढं अडतं तेवढंच.

तिने पुन्हा तिकडे पाहिलं नाही. टिकली, उजवी बाजू, तीन महिन्यांची सवय, सगळं डोक्यातून गेलं. जन्मापासून ज्या हाताने ती लिहीत आली त्या मराठी हाताने, डावीकडून, जिथे सगळ्यात मोठी जागा होती तिथून तिने सुरुवात केली. बाबांच्या पाटीवर काढायची तसं मोठं, ठसठशीत, टप.

"सरकलं," बाबा म्हणाले.

त्याच्या उजवीकडे दुसरं, थोडं लहान. टप. घामाने पेन निसटत होतं.

"पायरीवरून उतरलं."

टप.

"काहून चाललं हे?" बाबांच्या आवाजात तक्रार होती, दारापर्यंत आलेला पाहुणा पाणी न पिता फिरला तर असते तशी.

टप. टप. शेवटचं, फाटकापाशी, तांदळाएवढं. तिथे तिने श्वास धरला आणि ते इतकं बारीक काढलं की तिचं तिलाच जेमतेम दिसलं.

मग राजानंद म्हणाला, "गेलं."

पायल बाहेर आली. उन्हाची पट्टी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरळ होती. बाबा कडीवर हात ठेवून उभे होते, जरा भांबावलेले.

"मिल?" तिने पाटीवर लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं.

राजानंदने ऐकून पाहिलं, अगदी आतपर्यंत. मान हलवली. "बंद."

चपला न काढताच तो खाटेवर आडवा झाला आणि झोपला. कांताबाई पाचला आली तेव्हा झोपलेला, सातला ताट वाढलं तेव्हा झोपलेला. कांताबाईने तीनदा त्याच्या नाकापुढे बोट धरून पाहिलं. सकाळी सहाला उठून त्याने विचारलं की काल कोणती भाजी होती.

पायलने लांब चौकट पुन्हा पाहिली. दारापासून सुरू केल्याने दारातलं पाऊल सगळ्यात आधी कागदावर परत गेलं होतं आणि फाटकाचं सगळ्यात शेवटी. टिकलीच्या नियमाने उजवीकडून भरायला घेतली असती, तर दारातलं शेवटपर्यंत दारातच राहिलं असतं. चुकीबद्दल तिने स्वतःची पाठ थोपटली आणि टिकली जागेवरच ठेवली.

९

"पायल, एकशे ऐंशीवर पावलं उलटी लागलीत," चिन्मयीने फोन केला. "अक्षरं फाटकाकडे झुकलीत. येतायत असं वाटायला हवं, तुझी जाताना दिसतात."

"उलटी न्हाईत ताई. तशीच ठेवायची."

"अगं, गोष्टच बदलते. आणि शेवटचं पान रिकामं आहे."

"ते बी तसंच ठेवायचं."

मग चिन्मयी मऊ आवाजात म्हणाली, की असं असेल तर हे पान दुसऱ्या कोणाकडून करून घ्यावं लागेल, आणि पुढच्या तीन पुस्तकांचाही विचार करावा लागेल. तिला ते काम हवं होतं, ते नाव हवं होतं. पण दाराबाहेर बाबा कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते, नुसते, काहीही न करता.

"तिन्ही पुस्तकं दुसऱ्याला द्या," ती म्हणाली. "या पुस्तकातून माझं नाव बी काढा. पण त्या पानावर कोणी काही लिहायचं न्हाई. कवाच न्हाई. तसं मला कागदावर लिहून पाहिजे."

चिन्मयीने ती पानं जपानला पाठवली. गोष्टी काढणाऱ्या बाई ऐंशीच्या घरातल्या होत्या, फारसं कोणाला उत्तर देत नसत. चार दिवसांनी उत्तर आलं. चिन्मयीने ते फोनवर वाचून दाखवलं आणि वाचताना तिचाच आवाज बदलला.

"त्या लिहितात, पावलं परत गेलेली पाहून बरं वाटलं. माझ्या वडिलांच्या वेळी मला हे सुचलं नाही. शेवटच्या पानाला हात लावू नका."

पुस्तक तसंच छापलं गेलं, पायलच्या नावासह, आणि पुढची तीनही तिच्याकडेच आली. हजारच्या हजार प्रतींत रिकाम्या पानासमोर तिच्याच अक्षरात एक ओळ होती: या पानावर कृपया काही लिहू नये.

जुलैत वाटूरच्या शाळेत पायलचा सत्कार झाला. हॉल भरला होता. कांताबाई नव्या साडीत पहिल्या रांगेत, शेजारी राजानंद, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. ग्रंथालयाचे कडूबा मास्तर पाहुण्यांना देण्यासाठी पुस्तकाची प्रत घेऊन उठले, आणि मराठी माणूस पुस्तक जसं उघडतो तसं त्यांनी ते उघडलं, डाव्या हाताने पहिलं पान. उजवीकडून वाचायच्या पुस्तकाचं ते शेवटचं पान होतं, आणि रिकाम्या ओसरीच्या चार रेघा सोडल्या तर सगळं कोरं. सप्रेम भेट लिहायला याहून चांगली जागा कुठे मिळणार? सूचना वाचणारा माणूस वाटूरमध्ये अजून जन्मायचा होता. मास्तरांनी पेनाचं टोपण काढलं.

पायल व्यासपीठाच्या दुसऱ्या टोकाला होती. तिने दोन खुर्च्या पाडल्या, हार तुटला, आणि निब कागदाला टेकायच्या आत तिने कडूबा मास्तरांचं मनगट पकडलं, सगळ्या गावासमोर. तिने पुस्तक त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि समोर पाहिलं. राजानंदचा हात कानाकडे गेला होता.

पाटी कांताबाईच्या पिशवीत होती. पायलने व्यासपीठावरचा फळा पाहिला, खडू उचलला, आणि सुस्वागतमच्या खाली हाताएवढ्या अक्षरांत लिहिलं: मिल?

राजानंदने वाचलं. हात कानावरून खाली आणला. डोळे मिटून त्याने आत ऐकलं, आणि सगळा हॉल त्याच्याबरोबर थांबला, कशासाठी ते न कळताच.

"बंद हाये," तो मिलमधल्या आवाजात म्हणाला, पार मागच्या भिंतीपर्यंत जाईल असा. "बिलकुल बंद हाये, माय."

कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. कशाबद्दल ते कोणालाच माहीत नव्हतं. राजानंद वळून बघत होता, एकमेकांवर आपटणारे शेकडो हात, उघडी तोंडं, हसणारे चेहरे. त्यातलं काहीही त्याला ऐकू येत नव्हतं, आणि तो जिंकलेल्या माणसासारखा हसत होता.